हिरवा डोंगर बघितला की लाज वाटते

"मॅडम, पाऊस पडून गेल्यावर डोंगर बघून छान वाटतं. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटते."

सव्वीस वर्षांची ती मुलगी माझ्याकडे समुपदेशनाला आली, तेव्हा पहिल्याच भेटीत हे बोलली. नोकरी पुण्यात, घर चिपळूणला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आईबाबा माडीवर अडकले होते आणि हिचा फोन लागत नव्हता. तेव्हापासून जून उजाडला की कोळकेवाडी धरणाचा विसर्ग किती, भरती किती वाजता, हे बघत ती रात्र रात्र जागायची. वर हा अपराधीपणा. जग बुडायला निघालंय आणि मी फुलांचे फोटो काढतेय, म्हणजे डोळे मिटून घेतेय ना?

हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात, लहान मुलांचे आईबाप तर हमखास. "तू एकटी नाहीस" हे पटवायला मी तिला 2021 च्या एका पाहणीबद्दल सांगितलं. भारतासह 10 देशांतल्या 10,000 तरुणांपैकी 59 टक्क्यांना हवामानबदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटत होती. ती म्हणाली, "म्हणजे सगळेच घाबरलेत. यात बरं काय आहे?"

खरंच होतं तिचं.

दुसरी चूकही माझीच. "चार दिवस झाडाझुडपांत जाऊन ये," असं मी सांगून टाकलं. ती मामाकडे गेली, तर अवकाळीने आंब्याचा मोहर काळा पडलेला. परत आली ती आणखी खचून. निसर्ग काही डोकेदुखीवरची गोळी नाही, हे मला इतक्या वर्षांनी माझ्याकडे आलेल्या एका मुलीकडून शिकावं लागलं.

मग आधी झोप हातात घेतली. तिची भीती खोटी नव्हती, त्यामुळे "काही होणार नाही" म्हणण्यात अर्थ नव्हता. पाणी चढायला लागलं तर कागदपत्रं कुठे, आईची औषधं कोण वर नेणार, शेजाऱ्यांपैकी कोणाला फोन करायचा, हे तिने बाबांबरोबर बसून लिहून काढलं. आकडे बघायचे ते रात्री नऊला, एकदाच. यालाच दीड-दोन महिने गेले.

मार्चमध्ये ती मैत्रिणीबरोबर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेली, ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायला. यावेळी मी पाठवलं नव्हतं! आली ती भरभरून बोलत. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली, आत वाळूतून पिल्लं वर आलेली. वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त निघतात, हेही तिथल्या एका पोराने सांगितलं.

"म्हटलं, झालं. इथेही तेच! पण तो पिल्लं मोजत होता, मॅडम. एकशे चार. वहीत लिहिलं, दोरी नीट केली, लोकांवर 'मागे सरा' म्हणून ओरडला. हजारातलं एखादंच मोठं होतं, हे त्याला माहीत होतं."

"मग तुला काय वाटलं?"

"रडू आलं. लाज नाही वाटली."

'सकारात्मक राहा' हा सल्ला मला कधीच रुचला नाही. डोंगर हिरवा आहे म्हणून सगळं आलबेल आहे, असं ती कधी म्हणतच नव्हती. तो डोंगर जिवाभावाचा आहे म्हणूनच तिची झोप उडाली होती, आणि त्याच्याकडे बघणं बंद केलं असतं तर काळजी करायला उरलं काय असतं? हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. तिचं तिला बरंच उमगलेलं दिसत होतं.

जूनमध्ये तिचा मेसेज आला: "पाऊस लागला. नऊला आकडे बघितले, बाबांना फोन केला. आता खिडकीत बसलेय."