लग्नाची व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर घेतल्यावर माणसे रुंद का दिसतात?

आपल्याकडच्या व्हीएचएस कॅसेटवरील चित्र पाल या टीव्ही-चित्रपद्धतीचे, रुंदी-उंचीच्या ४:३ प्रमाणाचे असते. डीव्हीडीवर ते ७२० × ५७६ बिंदूंत (पिक्सेलमध्ये) साठते. मात्र हे बिंदू चौरस नसल्याने चित्र ४:३ दाखवायचे की १६:९, हे प्लेअर डिस्कवरील एका नोंदीवरून ठरवतो. ती चुकून १६:९ झाली, की चेहरे एक तृतीयांशाने रुंद होतात आणि ओवाळणीचे गोल ताट लंबगोल दिसते.

आधी टीव्हीची चित्र ताणण्याची सेटिंग बंद करून पाहा. तरीही फरक पडला नाही, तर ऑथरिंग सॉफ्टवेअरमध्ये (डीव्हीडी तयार करण्याच्या प्रोग्रॅममध्ये) प्रमाण ४:३ निवडून नवी डिस्क बनवा; व्हिडिओ पुन्हा एन्कोड करण्याची, म्हणजे डिजिटल रूपात नव्याने बदलण्याची, सहसा गरज नसते. पडदा भरावा म्हणून वरची-खालची बाजू मात्र कृपया कापू नका, कारण त्यात मुंडावळ्या बांधलेली कपाळेच जातात.