होस्टिंग कंपनीला तीनदा मेल केला, तरी नकली साइट चालूच आहे. काय करावं?

मावशींच्या माहेश्वरी साड्यांच्या दुकानाची हुबेहूब साइट काढून कोणीतरी गिऱ्हाइकांकडून आगाऊ पैसे उकळतंय आणि होस्टिंगवाले दाद देत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मी इंदूरला विजयनगरात एका लहानशा होस्टिंग कंपनीत आहे (लोकांच्या साइट आमच्या सर्व्हरवर राहतात), अशा तक्रारी माझ्याच टेबलावर येतात.

आधी पत्ता तपासा. तुम्ही दिलेला आयपी, म्हणजे साइटचा आकडी पत्ता, क्लाउडफ्लेअर या कंपनीचा आहे. ते बहुधा फक्त पुढचं दार, साइट राहते भलतीकडेच. त्यांच्या ॲब्यूज फॉर्मवर तक्रार टाका, ती ते मूळ होस्टकडे पुढे धाडतात. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, विकणाऱ्या रजिस्ट्रारलाही वेगळं कळवा. डॉट कॉमसारख्या डोमेनवर फिशिंगचा (नकली पान दाखवून फसवण्याचा) पुरावा मिळाला की त्यांना हालचाल करावीच लागते, एप्रिल २०२४पासून डोमेनचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेच्या करारातच तसं आहे.

आता मेल. मागच्या पावसाळ्यात एकांनी नुसता स्क्रीनशॉट पाठवला, त्यात लिंक अर्धी कापलेली, खाली ‘कोर्टात खेचू’. (धमकी असली की मेल वकिलाकडे जातो आणि आठवडाभर तिथेच मुक्काम ठोकतो.) अंदाजाने उरलेली लिंक जुळवून ऑफिसच्या कंप्युटरवर उघडली, तर ‘लवकरच येत आहोत’ एवढंच. तक्रार बंद केली. दोन दिवसांनी तेच गृहस्थ परत. चहा पिता पिता सहज मोबाइलवर उघडून पाहिलं, तर बँकेचं अख्खं लॉगिन पान! ही मंडळी फक्त मोबाइलवाल्याला, कधी फक्त भारतातून येणाऱ्यालाच पान दाखवतात. चूक माझी होती, पण तुम्ही ‘मोबाइलवर, अमुक कंपनीच्या नेटवर दिसतं’ एवढं लिहिलंत तर ती होणार नाही.

पूर्ण लिंक टाइप करून द्या, पण तिच्या सुरुवातीच्या एचटीटीपीतल्या दोन टींच्या जागी दोन एक्स घाला, नाहीतर तुमचाच मेल स्पॅममध्ये पडेल. तीनही मेलना उत्तर नाही म्हणजे मला तोच संशय आहे. साइट कधी पाहिली ती वेळ लिहिताना ‘भारतीय वेळ, +५:३०’ लिहा. खऱ्या साइटची लिंक आणि पैसे जातात तो यूपीआय आयडीही द्या.

ज्यांचे पैसे गेले त्यांना आजच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०वर फोन करायला लावा, साइट पडायची वाट बघू नका. ती कोणाच्या नावावर आहे हे मात्र होस्ट तुम्हाला सांगणार नाही. मीही सांगत नाही, त्याला पोलिसांचं पत्र लागतं.