कोट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकाचा झोन (औषधाच्या डिस्कभोवतीचं, जीवाणू न वाढलेलं वर्तुळ) न्यूट्रिअंट अगर या माध्यमावर येत नाही, म्यूलर-हिंटन या माध्यमावर येतो. मग ई. कोलाय हा जीवाणू रेझिस्टंट, म्हणजे औषधाला न जुमानणारा, समजायचा का?

नाही. म्यूलर-हिंटनवर झोन नीट येत असेल तर न्यूट्रिअंट अगरवरची प्लेट बाजूला ठेवा. झोन मोजायचे तक्ते त्या माध्यमासाठी नाहीतच. तरी कॉलेजच्या प्रॅक्टिकलला सर्रास तेच वापरतात, स्वस्त पडतं म्हणून.

कोट्रायमॉक्साझोलमधली ट्रायमेथोप्रिम आणि सल्फा ही दोन्ही औषधं पेशीत फोलेट (एक जीवनसत्त्व) तयार होण्याची वाट अडवतात. त्यामुळे पेशीला डीएनएसाठी लागणारं थायमिडीन बनवता येत नाही. पण न्यूट्रिअंट अगरमधल्या पेप्टोन आणि बीफ एक्स्ट्रॅक्टमधून ते आयतंच मिळालं तर वाट अडली काय, न अडली काय! जीवाणू वाढतो, झोन लहान होतो, काठ धूसर दिसतो किंवा झोन येतच नाही. जनुकात काहीही बदललेलं नसतं.

म्यूलर-हिंटनची प्रत्येक बॅचही यासाठी तपासावी लागते. एंटरोकॉकस फीकॅलिस एटीसीसी २९२१२ हा तपासणीसाठीचा ठरलेला जीवाणू पसरा, कोट्रायमॉक्साझोलची १.२५/२३.७५ मायक्रोग्रॅमची डिस्क ठेवा. झोन २० मिमी किंवा जास्त आणि आतून स्वच्छ हवा. आत बारीक वाढ दिसली तर त्या बॅचवर ही डिस्क लावू नका. माध्यमात ५ टक्के घोड्याचं लाइज्ड (पेशी फोडलेलं) रक्त घातलं तर त्यातलं थायमिडीन फॉस्फोरायलेज हे विकर थायमिडीन मोडून टाकतं. मेंढीच्या रक्ताने हे काम होत नाही.

क्षारांचंही तसंच. स्यूडोमोनास या जीवाणूवर जेंटामायसिन हे प्रतिजैविक लावताना माध्यमात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असेल तर झोन आक्रसतो, कारण हे आयन बाहेरच्या पटलावर औषधाची जागा अडवतात. कमी असेल तर उगाच फुगतो. म्हणून ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) लिटरला २० ते २५ मिग्रॅ कॅल्शियम आणि १० ते १२.५ मिग्रॅ मॅग्नेशियम ठेवतात. डॅप्टोमायसिन या प्रतिजैविकाचं मात्र उलट. ते कॅल्शियमशिवाय चालत नाही, त्याला लिटरला ५० मिग्रॅ लागतं.

ओतताना ९० मिमीच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिली घ्या, म्हणजे थर ४ मिमी भरतो. पातळ ओतलात तर झोन मोठा येतो, आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. पीएच ७.२ ते ७.४. प्लेटमध्ये ग्लुकोज घालू नका. वाढीबरोबर आम्ल तयार होतं आणि आम्लात जेंटामायसिन लुळं पडतं.

पण उपाशी पेशींची गोष्ट वेगळी. जेंटामायसिन आत शिरायला पटलावरचा प्रोटॉनचा दाब लागतो, आणि तो श्वसनातून येतो. झोपल्यासारख्या, औषधातून तगून राहणाऱ्या पर्सिस्टर पेशींत तो कमी असल्याने त्या वाचतात. अमेरिकेत जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं, की अशा ई. कोलायला मॅनिटॉल, ग्लुकोज, फ्रुक्टोज किंवा पायरुवेट दिलं की जेंटामायसिन आत जातं आणि पेशी मरते. याला टॉलरन्स म्हणा, रेझिस्टन्स नव्हे. एमआयसी (वाढ थांबवायला लागणारी औषधाची किमान मात्रा) तशीच राहते, फक्त मरायला वेळ लागतो. त्यामुळे हे झोनवरून कळणार नाही. टाइम-किल चाचणी लावा, म्हणजे दर तासाला नमुना काढून विरल करून प्लेट करा.

प्रोजेक्टच्या वहीत माध्यमाची कंपनी, बॅच नंबर आणि कंट्रोल स्ट्रेनचा (तुलनेसाठीच्या ठरलेल्या जीवाणूचा) झोन त्याच पानावर लिहा.