दाबोळीचा तळ नेमकं काय काम करतो, आणि मोपा झालं तरी तो का हलत नाही

तुमचे प्रश्न तीन. एवढ्याशा गोव्यात लष्कराचे इतके तळ कशाला? मोपाचं नवं विमानतळ सुरू झालं, मग नौदल दाबोळी का सोडत नाही? आणि दाबोळीशेजारच्या चिखलीतल्या घरावर मजला चढवायचा तर नेव्हीची एनओसी कशाला लागते? तिन्हींची मुळं एकाच ठिकाणी आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

तळ म्हटलं की लोकांना कुंपण, पहारा आणि आत राहणारे जवान दिसतात. प्रत्यक्षात लढणारी वस्तू, म्हणजे जहाज, विमान किंवा माणूस, दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागेल अशा अवस्थेत ठेवणं हे तळाचं काम. हे काम प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. वास्कोतलं आयएनएस गोमंतक गोव्यातल्या नौदलाची रसद आणि प्रशासन सांभाळतं. नौदलाचं हॉस्पिटल, आयएनएचएस जीवंती, तेही वास्कोतच. तिथल्याच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हायड्रोग्राफीत समुद्राचा तळ मोजून सागरी नकाशे कसे करायचे ते शिकवतात. शिकायला मित्रदेशांचे अधिकारीही येतात. बांबोळीच्या मिलिटरी कँपात आर्मीचं 2 सिग्नल ट्रेनिंग सेंटर आहे, संदेशवहनातले जवान घडवणारं. गोवा शिपयार्ड मात्र यात धरू नका. ती 1957 साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेली आणि आज संरक्षण खात्याची असलेली जहाजं बांधणारी कंपनी आहे, तळ नव्हे.

वेऱ्याचं उदाहरण बघा. मांडवीच्या पैलतीरावर आयएनएस मांडवीत 1986 पासून नेव्हल अकादमी होती, म्हणजे नव्याने भरती झालेल्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण. 2009 मध्ये ते केरळातल्या एळिमला इथे गेलं. 2011 मध्ये मुंबईहून वरिष्ठ अधिकाऱ्यांचं कॉलेज वेऱ्याला आलं, तेच आजचं नेव्हल वॉर कॉलेज. वर्गखोल्यांचं काम असलं की असा तळ उचलून दुसरीकडे नेता येतो. आयएनएस हंसाचं, म्हणजे नौदलाच्या दाबोळीतल्या हवाई तळाचं, तसं नाही, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

दाबोळीची धावपट्टी पोर्तुगिजांनी 1950 च्या दशकात बांधली. डिसेंबर 1961 च्या कारवाईत हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी तिच्यावर बॉम्ब टाकले, आणि 1962 मध्ये नौदलाने ताबा घेतला. आयएनएस हंसा मुळात कोइमतूरजवळच्या सुलूरला 5 सप्टेंबर 1961 रोजी सुरू झालेली. ती 1964 मध्ये दाबोळीला आली. कारण उघड होतं. मार्च 1961 मध्ये पहिली विक्रांत ताफ्यात दाखल झाली होती, आणि विमानवाहू जहाजाच्या विमानांना किनाऱ्यावर घर लागतं.

हे घर का लागतं ते नीट समजून घ्या, कारण मोपाच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा सुटतो. आपल्या विमानवाहू जहाजांवर विमान ढकलणारं कॅटापुल्ट नाही. मिग-29के इंजिनाच्या पूर्ण ताकदीवर धावतं आणि पुढच्या टोकाला सुमारे 14 अंशांनी वर वळलेल्या स्की-जंपवरून हवेत फेकलं जातं. धाव दोनशे मीटरांच्या आसपास, त्यामुळे पंखांवरून पुरेसा वारा वाहायला हवा. म्हणून जहाज वाऱ्याच्या दिशेला तोंड करून वेगात चालवतात. धक्क्याला बांधलेल्या जहाजावरून शस्त्रांनी आणि इंधनाने भरलेलं विमान उडवता येत नाही. म्हणून जहाज बंदरात शिरण्याआधी विमानं उडून किनाऱ्यावर येतात, आणि जहाज पुन्हा समुद्रात गेलं की परत जातात. जहाजाचा तळ कारवारला, आयएनएस कदंबला, 2005 पासून. विमानांचा तळ दाबोळीला. दोघांत सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा अंतर नाही. जहाज दुरुस्तीला महिनोन्महिने गोदीत असलं तरी वैमानिकांचा हात बसलेला राहायला हवा, म्हणजे रोजचं उड्डाण हंसावरूनच.

हात बसलेला राहणं ही पोकळ गोष्ट नाही. साध्या धावपट्टीवर वैमानिक जमिनीलगत आल्यावर नाक थोडं उचलतो, वेग मोडतो आणि चाकं अलगद टेकवतो. जहाजावर असं केलं तर विमान त्याला अडवायला डेकवर आडव्या ताणलेल्या तारांच्या पुढे जाऊन पडेल. तिथे शेवटपर्यंत एकाच उतारावर, एकाच वेगाने येऊन विमान डेकवर आपटावं लागतं, आणि चाकं टेकताक्षणी थ्रॉटल पुढे, पूर्ण ताकद. शेपटीखालच्या हूकने तार पकडली नाही तर विमान लगेच पुन्हा हवेत जायला हवं म्हणून. तार पकडली तर ताशी 240 किलोमीटरच्या आसपासचा वेग सुमारे 90 मीटरांत, तीन सेकंदांच्या आत, शून्यावर येतो. तारेची दोन्ही टोकं डेकखालच्या हायड्रॉलिक यंत्राला जोडलेली असतात, आणि ते यंत्र प्रत्येक विमानाच्या वजनाप्रमाणे आधी लावावं लागतं. वजन कमी धरलं तर विमान वेळेत थांबत नाही, जास्त धरलं तर हूकवर आणि सांगाड्यावर नको तेवढा ताण येतो. म्हणून उतरण्याआधी इंधन ठरलेल्या मर्यादेखाली आणावं लागतं. तारांचंही आयुष्य किती वेळा ताणल्या गेल्या त्यावर मोजतात. तार चांगली दिसते म्हणून पुढे वापरायची पद्धत नाही.

हे सगळं समुद्रात पहिल्यांदा करून बघणं म्हणजे विमान आणि माणूस दोन्ही गमावण्याची तयारी. त्यासाठी हंसात जमिनीवरच जहाजाचा डेक उभा केला आहे: स्की-जंप, तारा, उतरण्याचा कोन दाखवणारे दिवे, सगळं. त्याला एसबीटीएफ म्हणतात. नौदलाच्या तेजसने डिसेंबर 2014 मध्ये इथल्याच स्की-जंपवरून उड्डाण केलं, 13 सप्टेंबर 2019 रोजी इथेच तार पकडून उतरलं, आणि मगच 11 जानेवारी 2020 रोजी विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर. क्रम बघितलात तर तळाचा उपयोग वेगळा सांगावा लागत नाही.

एसबीटीएफखेरीज हंसावर आणखी बरंच आहे. लांब पल्ल्याच्या टेहळणीची पी-8आय विमानं (इथली तुकडी मार्च 2022 ची), डॉर्नियर, हेलिकॉप्टरं, कोस्ट गार्डची विमानं. पी-8आय समुद्रात सोनोबॉय टाकून पाणबुडीचा आवाज शोधतं. त्याला लांब धावपट्टी, भरपूर इंधन आणि टॉर्पेडो ठेवायला जागा हवी. नेव्हल एअरक्राफ्ट यार्डात विमानं उघडून दुरुस्त होतात. खारी हवा हा इथला कायमचा शत्रू. समुद्रावरून आलेलं विमान गोड्या पाण्याने धुतात, इंजिनही धुतात, सांध्यांना गंजरोधक लावतात. हे चुकलं की बिघाड लगेच दिसत नाही, काही महिन्यांनी वायरिंगच्या जोडांत आणि रिव्हेटांभोवती दिसतो.

आता मोपा. तिथे धावपट्टी आहे, म्हणून नौदलाने तिकडे जावं हा युक्तिवाद धावपट्टीपाशीच संपतो. ते खाजगी कंपनीला ठरावीक मुदतीसाठी चालवायला (कन्सेशन कराराने) दिलेलं नागरी विमानतळ आहे, 5 जानेवारी 2023 पासून चालू. तिथे दारूगोळा ठेवता येत नाही. दारूगोळ्याच्या कोठाराभोवती स्फोटकांच्या प्रमाणात मोकळी जागा सोडावीच लागते. दाबोळीच्या सड्यावर जी जमीन लोकांना ‘पडून राहिलेली’ वाटते त्यातली बरीच अशी आहे. शिवाय इंजिन चाचणीची जागा, हँगर, इंधनाच्या टाक्या, रडार, कार्यशाळा, क्वार्टर्स. हे सगळं नव्याने उभारायला एक दशक पुरणार नाही असं माझं मत. नौदलाच्याच योजनेत कारवारच्या पुढे अंकोल्याजवळ अलगेरीला हवाई तळ आहे, पण तो झाला तरी हंसाला जोड म्हणून होईल, बदली म्हणून होईल असं मला वाटत नाही.

दाबोळीचं नागरी विमानतळ बंद पडेल की चालू राहील हा वेगळा, राजकीय प्रश्न. त्यात मी पडत नाही. एकाच धावपट्टीवर दोघांनी राहण्याची अडचण मात्र खरी आहे. कित्येक वर्षं सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक हा वेळ नौदलाच्या सरावाचा होता, आणि म्हणूनच गोव्याची विमानं दुपारी आणि रात्री गर्दीने यायची. जानेवारी 2018 मध्ये मिग-29के धावपट्टीबाहेर जाऊन पेटलं, जून 2019 मध्ये उड्डाणाच्या वेळी दुसऱ्या मिगची इंधनाची टाकी धावपट्टीवर पडून पेटली. दोन्ही वेळा प्रवासी विमानं खोळंबली. समांतर दुसरी धावपट्टी नसल्यावर दुसरं काय होणार?

पक्ष्यांचंही सांगून ठेवतो, कारण हे आपल्या हातात आहे. 16 नोव्हेंबर 2019 रोजी दाबोळीहून उडालेलं मिग-29के पक्ष्यांच्या थव्यात सापडून वेर्ण्याच्या बाजूला कोसळलं. दोन्ही वैमानिक वाचले. उघड्यावर टाकलेला कचरा, मासळीची घाण, कोंबडीच्या दुकानांचा टाकाऊ माल यांवर घारी आणि कावळे जमतात, आणि घार नेमकी विमानाच्या उतरण्याच्या उंचीवर घिरट्या घालते. पंचायतीत कचऱ्याचा विषय निघाला की हा मुद्दा आवर्जून मांडा.

आता तुमचा मजला. दोन वेगळ्या परवानग्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक विमानाच्या मार्गातल्या उंचीची. दुसरी तळाच्या कुंपणापासून अंतराची, सुरक्षेसाठी. उंचीचा नियम केंद्राने 2015 मध्ये अधिसूचित केला आहे. नागरी विमानतळाभोवती ही एनओसी विमानतळ प्राधिकरण देतं, पण दाबोळीचा तळ नौदलाचा असल्यामुळे इथे अधिकार नौदलाकडे. म्हणून अर्ज चुकीच्या दारात नेऊ नका.

उंचीचा हिशोब जमिनीपासून होत नाही, समुद्रसपाटीपासून होतो. समजा तुमच्या प्लॉटची उंची 48 मीटर, घर 9 मीटर, त्यावर पाण्याची टाकी अडीच मीटर आणि वीजरोधक सळी 1 मीटर. अर्जात लिहायचा आकडा साडेसाठ मीटर, 9 नव्हे. टाकी, लिफ्टची खोली, सोलर पॅनेलचा सांगाडा, मोबाईल टॉवर, सगळं धरायचं. अर्ज परत येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच, आणि त्याखालोखाल चुकीचे अक्षांश-रेखांश. ते डब्ल्यूजीएस-84 या जीपीएसच्या मापनपद्धतीत, अंश-मिनिट-सेकंदात, प्लॉटच्या प्रत्येक कोपऱ्याचे हवेत. मोबाईलवरचा एक बिंदू चालत नाही. सर्व्हेअरकडून सही-शिक्क्यासह घ्या. सोबत एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा, सर्व्हे प्लॅन, बांधकामाचे नकाशे.

मर्यादा किती ते जागेवर ठरतं. धावपट्टीच्या टोकासमोर, विमान ज्या वाटेने उतरतं तिथे, नियम कडक: साधारण दर 50 मीटर अंतराला 1 मीटर उंची वाढते. म्हणजे त्या वाटेवर एक किलोमीटरवर तुम्हाला धावपट्टीच्या पातळीपासून 20 मीटरच मिळतात. बाजूला हा चढ बराच उभा असतो, 7 मीटरला 1 मीटर, आणि पुढे विमानतळाच्या पातळीवर 45 मीटरांची सपाट मर्यादा. चिखलीचा बराच भाग धावपट्टीच्या उत्तरेला, बाजूला येतो, त्यामुळे जमीन धावपट्टीपेक्षा खाली असेल तर एक मजला सहसा अडत नाही. तरी आधी एनओसी, मग पंचायत आणि नगरनियोजन खातं, हा क्रम मोडू नका.

अंतराच्या नियमासाठी संरक्षण मंत्रालयाचं 2011 चं परिपत्रक बघा: कुंपणापासून 100 मीटर, आणि चार मजल्यांपेक्षा उंच इमारत असेल तर 500 मीटर. 2016 मध्ये यात ठिकाणांप्रमाणे सवलती दिल्या गेल्या, म्हणून तुमच्या बाजूच्या कुंपणाला सध्या कोणतं अंतर लागू आहे ते हंसाकडून लेखी घ्या. बिल्डर तोंडी सांगतो त्यावर पैसे भरू नका. बांधकामाला क्रेन लागणार असेल तर तिच्या टोकाच्या उंचीचीही वेगळी परवानगी लागते.

आणि घरभरणीला ड्रोनवाला बोलावणार असाल तर त्याला आधीच सांगा: विमानतळाच्या हद्दीपासून 5 किलोमीटरपर्यंत लाल क्षेत्र, 8 किलोमीटरपर्यंत परवानगीशिवाय उड्डाण नाही, आणि नौदलाच्या आस्थापनांपासून 3 किलोमीटरात नौदलाची स्वतंत्र बंदी. चिखलीत कुठूनही उडवलं तरी तो लाल क्षेत्रातच असेल.