लाडू राहू देत, वरणही येऊ दे

प्रश्न : डॉक्टरताई, बाळंतपणाला मी कराडला माहेरी आले आहे. बाळ दीड महिन्याचं आहे. आई डाळ, पालेभाजी, फळं देतच नाही. बाळाला वात होईल म्हणते. पाणीही मोजून, नाही तर पोट सुटेल! दोन्ही वेळा तूप-मेतकूट-भात आणि लाडू. मला सारखी भूक लागते. दूध कमी पडेल का?
– एक वाचक

उत्तर : अगं, भूक लागणारच. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात आणि प्रथिनं साधारण १७ ग्रॅम जास्त. नुसत्या मेतकूट-भातावर ती कशी भागणार? वरण आजपासूनच घे, मुगाचं, तुरीचं, घरात असेल ते. डाळीने वायू झाला तर तो तुझ्या आतड्यात होतो, दुधात उतरत नाही. या वयात बाळं संध्याकाळी किरकिरतातच, आणि खापर फुटतं आईने खाल्लेल्या गवारीवर. एखाद्या पदार्थाने दर वेळी त्रास होतोय असं दिसलं, तर तेवढाच बंद कर.

पोट सुटतं ते नऊ महिने स्नायू ताणले गेल्यामुळे, पाण्याने नव्हे. पाजायला बसलं की घसा कोरडा पडतो ना? तांब्या-भांडं उशाशी ठेव. पण तहान नसताना पाणी ढोसून दूध वाढत नाही, तेही सांगते. बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं, म्हणून रात्रीचं पाजणं टाळू नकोस. दिवसभरात सहा-सात लंगोट ओले होताहेत, वजन वाढतंय, मग दूध पुरतंय.

आईचे लाडू मात्र सोडू नकोस. विशेषतः अळिवाचे, त्यात लोह चांगलं असतं. वर लगेच चहा घेऊ नकोस, ते लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. कॅल्शियमची गोळी त्यांच्यासोबत नको, दोन तासांनी घे.

आणि राग मानू नकोस, पण आपल्याकडे विचारावंच लागतं : मिश्री लावतेस का? तंबाखूतलं निकोटिन दुधात उतरतं. बंद खोलीत कोळशाची शेगडीही नको.

बाळाची दीड महिन्याची लस राहिली असेल तर आईला सोबत ने आणि पाण्याचा विषय नर्सबाईंसमोरच काढ. माझ्यापेक्षा त्यांचं ती लवकर ऐकेल.