रसदेच्या युनिटमध्ये निघालेल्या पोरास

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

परवा मंडईत तुझी आई भेटली. म्हणाली, "पोराला एएससी मिळालंय, पण तोंड पाडून बसलाय. मित्र चिडवतात, फौजेत जाऊन आटा-तेल मोजणार म्हणून." तेव्हापासून तुला लिहायचं मनात होतं. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये मी सव्वीस वर्षं काढली. शिपाई-ड्रायव्हर म्हणून गेलो, सुभेदार होऊन आलो. त्यातलं तुझ्या उपयोगाचं तेवढं सांगतो.

आधी त्या चिडवण्याचं बघू. "रसद तुटली" हे शब्द मराठी माणसाला पानिपतापासून ठाऊक आहेत. १७६० च्या डिसेंबरात मराठा छावणीला रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, छावणीकडे येणारं धान्य आटलं, आणि १४ जानेवारी १७६१ ला आपली माणसं उपाशीपोटी मैदानात उतरली. त्या काळी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फौजांना पुरवायचे. आज तेच काम तुझ्या कोअरकडे आहे. तेव्हा आटा मोजण्यात कमीपणा मानू नकोस. मोजताना चुकलास तर मात्र ती लाजेची गोष्ट आहे.

आता युनिट कसं असतं ते. बेंगळुरूला ट्रेनिंगमध्ये तुला रँक पाठ करून घेतील, शिपाई, लान्स नायक, नायक, हवालदार, मग नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर, त्यावर ऑफिसर. ते दोन दिवसांत येतं. कोण कशाचा धनी, हे कळायला वर्ष जातं, आणि ते कुणी पाठ करून घेत नाही.

बटालियनचा मालक सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेब. त्यांच्याखाली टुआयसी (सेकंड-इन-कमांड), म्हणजे सीओ नसताना युनिट चालवणारे आणि एरवी कारभाराची बारीकसारीक बघणारे. अ‍ॅडज्युटंट शिस्त, ड्यूट्या आणि पत्रव्यवहार सांभाळतात. सुभेदार मेजर साहेब जवानांच्या मनातलं सीओपर्यंत नेतात आणि सीओच्या मनातलं जवानांपर्यंत. नवा पोरगा त्यांना घाबरून रस्ता बदलतो. तू बदलू नकोस. घरी काही बरंवाईट झालं की आधी हाच माणूस कामाला येतो.

पुढचं नीट वाच, कारण इथे सगळे नवे गडबडतात. क्वार्टरमास्टर नावाचा ऑफिसर प्रत्येक युनिटमध्ये असतो, आणि राशन-कपडा म्हटलं की पोरांना तोच आठवतो. आपल्या युनिटमध्येही तो असतो, पण तो फक्त आपल्या बटालियनचा संसार बघतो, म्हणजे आपला लंगर, आपली वर्दी, आपल्या खाटा. दुसऱ्या पलटणींना जे राशन आणि तेल जातं, ते सप्लायवाले साठवतात आणि ट्रान्सपोर्ट कंपन्या वाहून नेतात. घरचा डबा आणि गिऱ्हाइकाचा डबा एकाच स्वयंपाकघरात असला तरी चूल वेगळी, वहीही वेगळी. या दोन वह्यांची सरमिसळ तू कधी होऊ देऊ नकोस, वरच्या कुणी "तात्पुरतं घे रे" म्हटलं तरी.

कंपनीत कमांडर साहेबांच्या खालोखाल सिनियर जेसीओ (नायब सुभेदारापासून सुभेदार मेजरपर्यंतचे सगळे जेसीओ). मग दोन हवालदार, ज्यांच्यावर कंपनी चालते. सीएचएम, म्हणजे कंपनी हवालदार मेजर, ड्यूटी लावतो, फॉलइन घेतो, कोण कुठे आहे हे त्याला झोपेतही सांगता येतं. सीक्यूएमएच, म्हणजे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, सामान बघतो, तुझ्या बुटापासून चटईपर्यंत. रजा हवी तर सीक्यूएमएचच्या मागे लागायचं नाही आणि बूट फाटला तर सीएचएमकडे रडायचं नाही. प्लाटून जेसीओच्या हाती, सेक्शन हवालदार किंवा नायकाच्या हाती, आणि तुझ्या हाती गाडी किंवा गोदामातली एक थप्पी.

आणखी एक खूणगाठ बांध. राशन, इंधन आणि वाहतूक आपली. खेचरांच्या कंपन्यासुद्धा आपल्याच. जिथे गाडीचा रस्ता संपतो तिथून पुढे खेचर चालतं. दारूगोळा, कपडा आणि सुटे भाग ऑर्डनन्स या दुसऱ्या कोअरचे, आपण दारूगोळा वाहतो पण तो आपला नसतो. मोठी दुरुस्ती ईएमईची, म्हणजे यंत्रं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरची, त्यांची एलएडी नावाची छोटी तुकडी युनिटला जोडलेली असते. तुझे वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. माग अडला की ते स्वतः नटबोल्ट खोलत बसत नाहीत, जॉबरला हाक मारतात, पण आवाज बदलला हे पहिल्यांदा त्यांनाच कळतं. ड्रायव्हर आणि एलएडीचं नातं तसंच आहे. सकाळच्या फर्स्ट परेडला तेल, पाणी, हवा, ब्रेक बघणं तुझं काम. तू बघितलं नाहीस तर फिटरला कळणार तरी कसं?

हे सगळं तू एका ठिकाणी आधीच बघितलंयस. गेल्या आषाढीला वेळापूरच्या तळावर तुम्ही पोरं पाणी वाटायला गेला होता. वारकरी पोचायच्या आधी दिंडीचा ट्रक येतो, तंबू लागतात, चुली पेटतात, टँकर उभा राहतो. वीणेकरी वीणा बघतो, आचारी चूल बघतो, ट्रकवाला सामान बघतो. आणि संध्याकाळी चोपदाराने चोप उंचावला की एवढा जनसागर गप्प होतो. चालणाऱ्याला वाटतं तळ आपोआप उभा राहिला. पुढच्या आषाढीला तू तिथे नसशील, पण त्या ट्रकवाल्याला आठवत जा.

आता जे मला स्वतःच्या चुकीतून कळलं ते सांगतो. रसदेच्या युनिटमध्ये माणसं आपापलं काम सहसा चोख करतात. घोटाळा होतो तो एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना.

मी बावीस वर्षांचा होतो. लडाखकडच्या उन्हाळी मोहिमेवर होतो, मोहीम संपत आली होती आणि रात्री गोठायला लागल्या होत्या. ही मोहीम तुला कळायला हवी. श्रीनगरकडून झोजिला खिंडीवरून आणि मनालीकडून, असे दोन जुने रस्ते लेहला जातात. हिवाळ्यात दोन्हींवर बर्फ साचतं. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग खिंडीचा त्रास वाचला, पण पुढे बारालाचा ला ही खिंड आहेच. म्हणून पुढच्या पोस्टांचं हिवाळाभराचं राशन, रॉकेल, डिझेल उन्हाळ्याच्या चार-सहा महिन्यांत वर चढवायचं. राहिलं तर विमानाने न्यावं लागतं, आणि विमान हवामानाच्या मर्जीवर.

तर माझ्याआधीचा ड्रायव्हर रजेवर निघाला होता. त्याची बस सुटायची वेळ झालेली. गाडी शक्तिमान, म्हणजे फौजेचा जुना ट्रक. त्याने यादी वाचली, "स्टेपनी, जॅक, हँडल, व्हीलपाना," मी मान हलवली आणि सही केली. मागे जाऊन बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी झोजिला उतरून द्रासकडे जाताना मागचं चाक बसलं. जॅक होता. हँडल नव्हतं. माझ्या पुढेमागे टाटाच्या गाड्या, त्यांचं हँडल माझ्या जॅकला बसेना. एक जण पुढे धावत गेला, शक्तिमान शोधून हँडल घेऊन आला. रस्ता अरुंद, माझ्या मागचा सगळा कन्व्हॉय तिथेच उभा. त्या खोळंब्यामुळे अंधार पडायच्या आत मुक्काम गाठता आला नाही आणि रात्र उघड्यावर काढावी लागली. माझ्या गाडीत फ्रेश राशन होतं, बटाटे आणि कांदे.

सकाळी कन्व्हॉयच्या सुभेदार साहेबांनी एक पोतं उघडायला लावलं. बटाटा हातात घेऊन गाडीच्या फळीवर आपटला, तो थंडीने गोठून दगडासारखा वाजला. मग तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि "धरून उभा राहा" म्हणाले. ऊन वर आलं तसा तो बटाटा मऊ पडत गेला, साल सुरकुतली, आणि बोटांमधून काळपट पाणी गळायला लागलं. साहेब एकदाही ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "हँडल आहे म्हणून सही कुणाची?"

पुढे मी कुठलीही गाडी ताब्यात घेताना प्रत्येक वस्तूला हात लावून तिचं नाव मोठ्याने घेत असे. लोक हसायचे. सुभेदार झाल्यावर माझ्या प्लाटूनमधल्या पोरांकडूनही ते करून घेतलं, रजेची बस सुटली तरी चालेल म्हणून.

गोदामात गेलास तरी हेच. प्रत्येक थप्पीला एक बिन कार्ड लटकतं, ऑफिसात लेजर, म्हणजे खातेवही असते, आणि तिसरा आकडा म्हणजे खरोखर समोर असलेला माल. तिन्ही जुळले पाहिजेत. कार्डावर जेरीकॅन शंभर लिहिलेत म्हणून शंभर आहेत असं धरायचं नाही. एक एक हलवून बघायचा. वीस लिटरचा भरलेला कॅन हाताला जड लागतो आणि गळका कॅन उचलताच कळतो. जुना माल आधी बाहेर काढायचा, नवा मागे लावायचा. हे करायला कंटाळा येतो, कारण जुना माल नेहमी थप्पीच्या तळाशी असतो. तरी कर. आकडा कमी भरला तर त्याच दिवशी हवालदाराला सांग. पहिल्या दिवशी सांगितलेली कमतरता ही चूक असते, महिन्याने सापडलेली चोरी ठरते, मग तू घेतलेलं असो वा नसो.

क्लार्क मंडळींना बाहेर हलकं समजतात, तू समजू नकोस. लग्न, मूल, रजा, सगळं पार्ट टू ऑर्डरमध्ये निघतं, तेव्हाच ते फौजेच्या कागदावर खरं होतं. आमच्यातल्या एकाने लग्नाची ऑर्डर काढायचा आळस केला. वर्षभराने त्याची बायको आजारी पडली तेव्हा कागदावर तो बिनलग्नाचा निघाला. क्लार्कशी नमस्कार ठेव आणि घरातला प्रत्येक बदल वेळेवर कळव.

तू अग्निवीर म्हणून चाललायस. चार वर्षांनी चारातल्या जास्तीत जास्त एकाला पुढे ठेवतात, हे तुला माहीत आहे आणि तुझ्या आईलाही. त्याची धास्ती मनात ठेवून रोजचं काम करू नकोस. पण अवजड गाडी, गोदामाचा हिशेब, इंधनाची सुरक्षा, यातलं एक तरी असं शीक की त्यात तुला कुणी अडवू शकणार नाही. मला विचारशील तर मी गोदाम म्हणेन. ड्रायव्हर पुष्कळ असतात. ज्यांचे तिन्ही आकडे जुळतात अशी माणसं मी फार थोडी पाहिली.

आईला सांगून ठेव, फील्डमध्ये गेल्यावर पत्त्यात गावाचं नाव नसतं. नंबर, रँक, नाव, युनिट, युनिटचा पिन कोड आणि केअर ऑफ ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (फौजेचं पोस्ट ऑफिस) एवढंच लिहायचं. नंबर चुकला की पाकीट फिरत राहतं, म्हणून तिच्या वहीत तू स्वतःच्या हाताने लिहून दे.

उद्यान एक्सप्रेसच्या वेळेला स्टेशनवर येतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडून. भाकरी पंधरा दिवस टिकते, चटणी त्याहून जास्त. पहिल्या रविवारी बरॅकमधल्या पोरांना वाट.

तुझा,
सुभेदार काका