‘सांगितलं असतंस तर केलं असतं’

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे. अकाउंट्समध्ये नोकरी, दोन मुलं, घरात सासरे. नवरा चांगला आहे, सांगितलेलं काम करतो. तरी गेले काही महिने मी सतत दमलेली असते. सगळे मिळून चार दिवस बाहेर जाऊन आलो, तिथे आठ-आठ तास झोपले. परतले ती तशीच. परवा नऊ वर्षांच्या धाकट्याने विचारलं, ‘आई, कुठला शर्ट घालू?’ आणि मला रडूच कोसळलं. शर्टावरून! मी आळशी झालेय की डोकं फिरलंय माझं?

उत्तर :

बाई गं, दोन्ही नाही. त्या सकाळी शर्टाच्या आधी तुम्हाला किती जणांनी किती गोष्टी विचारल्या असतील, ते जरा आठवून बघा. डबा, चावी, गोळी, सही. शर्ट त्या रांगेतला शेवटचा.

मला मात्र तुमच्या पत्रातलं दुसरंच वाक्य बोचलं. ‘नवरा चांगला आहे, सांगितलेलं काम करतो.’ माझ्याही घरी हेच होतं. ‘सांगितलं असतंस तर केलं असतं’ हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकलं, की सांगणं हेसुद्धा एक काम आहे हे लक्षात येईपर्यंत मुलं मोठी होऊन गेली होती.

ॲलिसन डॅमिंजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ साली घरातल्या या न दिसणाऱ्या कामाचे चार भाग पाडले : पुढे काय लागणार हे आधीच ओळखणं, त्यासाठी पर्याय शोधणं, त्यातलं ठरवणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. त्यांनी ज्या जोडप्यांशी बोलून हे मांडलं, त्यांच्यात निर्णय बऱ्याचदा दोघं मिळून घेत. आधी ओळखणं आणि मागे लक्ष ठेवणं मात्र मुख्यतः बायकांकडे. म्हणजे सुरुवात आणि शेवट आपला, मधल्या कामात ‘मदत’ त्यांची. आता सांगा, त्या चार दिवसांच्या बॅगा कुणी भरल्या? सासऱ्यांच्या गोळ्या मोजून कुणी घेतल्या? तुम्ही झोपलात हे खरं, पण पहारा सुटला नव्हता.

याला बर्नआउट म्हणायचं का, असं तुमच्या मनात येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली. अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल मन विटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं, अशी तीन लक्षणं सांगितली. पण हे फक्त नोकरीपुरतं, आयुष्यातल्या इतर गोष्टींना लावू नये, असंही त्यात बजावलं आहे. घर सांभाळणाऱ्या कुठल्या बाईला विचारून हे लिहिलं, कोण जाणे.

नावाचं राहू द्या. आधी डॉक्टरकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या आणि पाळीत काही बदल असेल तर तोही सांगा. रक्त कमी असलेली बाई वर्षभर स्वतःला आळशी म्हणवून घेते, हे मी पाहिलंय. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे बघा : सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास आहे का? आवडीच्या गोष्टींतही गोडी उरली नाही असं आहे का? तसं असेल तर ते नैराश्य असू शकतं, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. जगणंच नको असा विचार डोकावत असेल, तर वेळेची वाट न बघता त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि त्याला बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

रात्री डोक्यात याद्या फिरत असतील तर पाच मिनिटं उद्याची कामं कागदावर लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या २०१८ च्या एका प्रयोगात, झोपण्याआधी राहिलेली कामं लिहिणाऱ्या लोकांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली. फार नाही, पण फुकट आहे.

खरी वाटणी नवऱ्याशी करायची आहे, आणि ती भांडणात करू नका. ‘तू काहीच करत नाहीस’ म्हणालात की तो केलेल्या कामांची यादी वाचेल, आणि यादी खरी असेल. त्यापेक्षा एक खातं उचलून अख्खं द्या, आठवणीसकट. औषधांपासून सुरुवात नको, तिथली चूक परवडत नाही. मुलांची शाळा द्या : वह्या, सह्या, फी, पालकसभा, सगळं. ‘उद्यापासून हे तुझं. मी आठवण करणार नाही आणि विचारणारही नाही,’ एवढंच बोला. न विचारणं तुम्हाला त्याच्याहून जड जाणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. धाकट्याचा शर्ट धाकट्याकडे. नऊ वर्षांच्या मुलाला तेवढं जमतं, विजोड का असेना.

पहिल्या आठवड्यात एखादी वही घरी राहील आणि शाळेतून फोन सवयीने तुम्हालाच येईल. बाईंना नवऱ्याचा नंबर द्या आणि फोन ठेवा.